पेल्यांचा मान

ओतिलियानं वराचा पेला उपडा धरला, तळाला एक जुनं स्टेन्सिल चिकटवलं आणि त्यावर काच कोरायचं क्रीम थापलं. चांगलं जाड थापलं. पेल्याच्या अंगावरची नावाची अक्षरं कालच कोरून झाली होती, नेलिदाचा एन आणि एवारिस्तोचा ई. तळावरचं हे अक्षर मात्र कुणी सांगितलेलं नव्हतं.

क्रीम नळाखाली धुतलं तोच आई स्वयंपाकघरात आली. "काय करतेस गं?"

"शेवटचा हात फिरवतेय."

आईनं ओला पेला उजेडात धरला. कोरलेली काच ओली असेपर्यंत साधीच दिसते, तिला काही कळलं नाही. "जपून ठेव हो. नवरानवरीचा पेला फुटला तर संसार फुटतो. आणि पेले द्यायचा मान तू घेतलास ते फार बरं केलंस. लोकांची तोंडं बंद झाली. थोरली आहेस, मन मोठं कर."

मन मोठं कर म्हणे! एवारिस्तो आधी ओतिलियाचा होता. साखरपुडा झाला, चर्च ठरलं, आणि धाकट्या नेलिदानं त्याला अलगद उचललं. वर शहाजोगपणे तीच म्हणाली, "पेले तूच दे ना ओती, तुझा हात किती छान आहे!"

आई चुलीवरचा मोलेचा रस्सा ढवळायला वळली. पेला वाळला तसं तळावर पांढरंशुभ्र अक्षर उमटलं. गोल गरगरीत ओ. ओतिलियानं स्वतःच्या लग्नाच्या पेल्यांसाठी कापून ठेवलेला.

लग्नात सगळे उभे राहिले. वधूवरांनी हात एकमेकांत गुंफून सिद्राचे, म्हणजे सफरचंदाच्या दारूचे, पेले तोंडाला लावले. एवारिस्तोला पहिल्यापासून हावच फार. त्यानं मान मागे टाकून पेला रिकामा केला, आणि तळ नेमका नेलिदाच्या नाकासमोर आला.

तिनं तो ओ पाहिला आणि आपला पेला ओठांवरून काढला. लोक टाळ्या वाजवत होते.

फोटोसाठी दोघी बहिणी शेजारी उभ्या राहिल्या. नेलिदा हसरा चेहरा तसाच ठेवून पुटपुटली, "सटवे, हे कशानं निघतं?"

ओतिलियानं तिच्या डोक्यावरची जाळी मायेनं सारखी केली.

"निघत नाही गं. फोडून टाक."