बेरीज शंभर भरली

ईटीएफमध्ये, म्हणजे शेअर बाजारातल्या एका फंडात, कोणत्या कंपनीचा वाटा किती टक्के आहे, ती यादी एपीआयला, म्हणजे माहिती पुरवणाऱ्या संगणक-प्रणालीला, हाक मारून मागवणं हे तिचं रोजचं काम. पण आज टक्क्यांची बेरीज शंभर भरेना, आणि साहेब डोक्यावर बसलेले. "बाई, दुपारपर्यंत जमवा, नाहीतर दुसरी नोकरी बघा!"

दर खेपेला यादीच्या तळाशी थोड्याशा टक्क्यांसह एक आगंतुक नाव येई: तिच्या वडिलांचं शिलाईचं दुकान. ते वारले तेव्हाच त्याला कुलूप लागलं होतं. कुणाची तरी थट्टा समजून ती ते नाव गाळत होती.

शेवटी वैतागून तिनं ते राहू दिलं. बेरीज चोख शंभर! साहेब चक्क हसले. तिच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात आईचा फोन आला. "अगं, दुकानाला कुलूप तसंच आहे, पण आत मशीन खडखडतंय. आधी घाबरलेच मी. मग आतून हे खोकले, तेव्हा कुठं हायसं वाटलं."