बाद गाणं

पुरस्काराच्या निवड बैठकीत मी ते गाणं अर्ध्या मिनिटातच बंद करायला लावलं. "नुसता धांगडधिंगा! याला गाणं म्हणायचं?"

"सर, लोकांनी डोक्यावर घेतलंय. निदान पूर्ण तर ऐका," सोबतची तरुण परीक्षक म्हणाली. पण मी ज्येष्ठ, त्यामुळे माझंच खरं झालं. गाणं बाद.

समारंभानंतर त्या गाण्याची गायिका मला शोधत आली. पाहतो तर, वीस वर्षं माझ्या साथीला बसलेल्या पेटीवाल्याची मुलगी!

"काका, बक्षिसाचं जाऊ द्या. गाण्याच्या शेवटी बाबांची पेटी आहे. गेले त्याच्या आठ दिवस आधी वाजवली. म्हणाले, 'त्याला ऐकव, तो लगेच ओळखेल.' ओळखलीत ना?"



"ओळखली की," तिच्याकडे न बघता मी म्हणालो.