दोन इंच डावीकडे

"बेसिनखालचा हा खांब इथे उभा राहायचा नाही," रेनातो म्हणाला. गुडघ्यांवर बसून तो भिंतीतून बाहेर आलेल्या सांडपाण्याच्या नळीवर टॉर्च मारत होता. "नळी दोन इंच डावीकडे आलीय. बेसिनचं भोक इथे, नळी तिथे. खांब टेकवायला गेलं की नळीवर आपटतो."

"मग नळी सरकव," बेरिलबाई म्हणाल्या.

"सरकव म्हणे. भिंत फोडावी लागेल. आत बरोब्बर मध्यावर लाकडाचा दांडा आहे, म्हणून तर पहिल्या माणसानं नळी बाजूनं काढली. त्यापेक्षा प्लॅस्टिकची वळणारी नळी लावतो. खांबामागे कोण बघतंय?"

"तीच लावली होती ग्रॅमनं."

चाळीस वर्षं रेनातो शेजारी राहत होता आणि त्याहून जास्त वर्षं प्लंबिंग करत होता. ग्रॅमचं काम त्याने पाहिलं होतं.

ग्रॅम हा बेरिलबाईंचा एकुलता एक मुलगा. मेलबर्नला राहायचा. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी त्याने आईचं जुनं बेसिन काढून दुसरं बसवलं, नळी वाकवली, वर टेप गुंडाळली आणि हात झटकून निघून गेला. तेव्हापासून ते गळत होतं. गेल्या महिन्यात सरकारतर्फे म्हाताऱ्या माणसांची पाहणी करणारी लीॲन आली, तर न्हाणीघरात पाणी साचलेलं आणि बेसिन हात लावताच डुगडुगणारं. तिने लिहून घेतलं, घसरून पडण्याचा धोका.

"तेच तर मी सांगतोय," ग्रॅम म्हणाला होता. "आईला आता एकटीला झेपत नाही."

घ्या! गळकं काम याचं आणि दोष आईच्या वयाला.

लीॲन शुक्रवारी पुन्हा यायची होती. बाई स्वतःचं स्वतः बघू शकतात अशी तिची खात्री पटली, तर बेरिलबाई आपल्या मर्जीच्या मालकीण. नाही पटली, तर सगळा कारभार ग्रॅमच्या हातात आणि बाईंची रवानगी वृद्धाश्रमात. ग्रॅमला भारीच घाई. मागच्या खेपेला त्याने मुलीला सोबत आणून खोल्यांची मापंसुद्धा घेतली होती. बेरिलबाई तिथेच चहा पीत बसल्या होत्या, पण त्यांना कुणी विचारलं नाही.

"फोड भिंत," त्या म्हणाल्या.

"बेरिल, एक्क्याऐंशी वर्षांची आहेस तू. या घरात आणखी किती दिवस..."

"कितीही असू देत. खांबामागे कुणी वाकून बघितलं तर मला मान खाली घालायची नाही."

रेनातोने भिंतीवरचा प्लास्टरचा तक्ता कापला. आतला दांडा दिसला. बाईंनी त्याच्या हातातून करवत घेतली आणि अर्धा दांडा स्वतः कापला. मध्ये दोनदा थांबल्या, पण करवत दिली नाही. मग रेनातोने दोन्ही बाजूंच्या दांड्यांना धरून आडवं लाकूड मारलं, नळी कापली, दोन काटकोनी जोड लावून तिला मध्यावर आणलं आणि उतार पुन्हा पुन्हा तपासला.

"कोंबड्या दिसत नाहीत गं तुझ्या?" काम करता करता त्याने विचारलं.

"पलीकडच्या मरीनला दिल्या. पहाटेचा कालवा सोसवेना."

"चाळीस वर्षं सोसलास की. आणि यंदा टोमॅटोही नाही लावलेस."

"नाही लावले."

रेनातोने टॉर्च खाली ठेवून तिच्याकडे बघितलं. पोरगं म्हणतंय त्यात काही तथ्य तर नसेल, असं त्याला क्षणभर वाटून गेलं.

"बघतोस काय? उतार बघ," बेरिलबाई म्हणाल्या.

शुक्रवारी लीॲन आली. पाठोपाठ ग्रॅमही आला. लीॲनने बेसिन काठोकाठ भरून बूच काढलं. पाणी घळघळ करत गेलं. तिने खांबामागे वाकून प्रत्येक सांध्यावरून कागदी रुमाल फिरवला. रुमाल कोरडा. ग्रॅमने बेसिन दोन्ही हातांनी धरून चांगलं हलवून बघितलं. ते हललं नाही.

"शेजाऱ्यानं करून दिलं असणार," तो म्हणाला.

"अर्धा दांडा मी कापलाय. सांधे त्याने जोडले, कारण परवाना त्याच्याकडे आहे. तुझ्याकडे नव्हता."

ग्रॅमचे कान लाल झाले. "आणि कोंबड्यांचं काय? देऊन टाकल्या. बाग ओस पडलीय. लीॲन, ही काय चांगली लक्षणं आहेत?"

"कोंबड्या माझ्या, बाग माझी," बेरिलबाई शांतपणे म्हणाल्या. "द्यायच्या की ठेवायच्या, ते मी ठरवणार. पुढचा प्रश्न विचारा, बाई."

लीॲनने तासभर विचारलं. वार, तारीख, गोळ्या, विजेचं बिल, पडल्यावर फोन कुणाला करणार. एकही उत्तर चुकलं नाही. शेवटी तिने लिहिलं, स्मरण उत्तम, विचार स्पष्ट, आपले निर्णय स्वतः घेण्यास पूर्णपणे समर्थ. खाली सही केली आणि एक प्रत बाईंच्या हातात देऊन ती गेली.

ग्रॅम खुर्चीतून उठला. "ठीक आहे, आई," तो म्हणाला. "जिंकलीस. राहा तुझ्या घरात."

बेरिलबाईंनी कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि खुंटीवरची टोपी डोक्यावर घातली.

"आता कुठे निघालीस?"

"वकिलाकडे. घर विकतेय ना मी. तू त्याला फोन करून माझं डोकं फिरलंय म्हणालास, तेव्हापासून हा एक कागद आणल्याशिवाय तो माझी सही घेत नव्हता."