शिबिरातली मैत्रीण

शेजारच्या दोन देशांतल्या मुलांची मैत्री व्हावी म्हणून एका संस्थेने पैसे मंजूर केले आणि किरगिझ खेड्यातली बेगिमाय विमानात बसून इस्तंबूलच्या शिबिराला गेली. तिथे ताजिक मेहरंगेझशी तिची अशी गट्टी जमली, की निघताना दोघींचं रडू आवरेना.

घरी परतल्यापासून बेगिमाय खिडकीशीच बसून असायची. शेवटी आई म्हणाली, "पोरी, विसर आता तिला. लांबच्या माणसाला एवढा जीव लावू नये. कुठे ती, कुठे आपण."

बेगिमायने खिडकी उघडली. सरहद्दीच्या काटेरी तारेपलीकडे, समोरच्याच अंगणात एक मुलगी जर्दाळू वाळत घालत होती.


"ती बघ, आई. पुन्हा पैसे मंजूर झाले, तर आम्ही इस्तंबूलला भेटू."