सगळं चालू

“रिकामे का होईनात, पण फिरू देत,” मालकांनी शेवटचं बजावलं आणि शर्ट खोचला. फाटकाशी गाडी थांबली होती.

कारखाना पितळी नळांचा. परदेशी खरेदीदार बाई त्याची कार्यक्षमता बघायला आल्या होत्या. लेथ ओळीने मांडलेले, पण धातू कापणारे तीनच. बाकीच्यांची मोटर तेवढी फिरे, कापणारे भाग कधीच मोडलेले. मालकांच्या सुनेने दुरुस्तीचा विषय काढला की सासरे कार्यक्षमतेवर भाषण ठोकत. भाषण फुकट होतं, सुटे भाग विकत घ्यावे लागत.

आज मात्र सगळे लेथ घरघरत होते. मोडक्यांपुढे शिपाई, माळी आणि मालकांचा मेहुणा निळे डगले घालून उभे होते. मेहुण्याला यंत्र कुठून सुरू होतं हेही ठाऊक नव्हतं. तो मन लावून हवा तासत होता.

ऑर्डर मोठी होती. ती पुरी करायची होती त्याच तीन लेथवर, दिवसपाळीला रातपाळी जोडून. मागच्या वेळीही असंच झालं. लेथ चालवणाऱ्या टर्नरला उभ्या उभ्या डुलकी लागली आणि त्याची दोन बोटं गेली. पट्टी सुनेनेच बांधली. डावाच हात आहे, काम अडणार नाही, असं म्हणून मालक जेवायला गेले होते.

बाईंची भाषा घरात एकट्या सुनेला येत होती. म्हणून आज ती दुभाषी. सकाळी तिने बोटांचं नाव काढताच सासऱ्यांनी तिला गप्प केलं होतं. “तू फक्त भाषांतर कर. मतं देऊ नकोस.”

बाईंनी मेहुण्याच्या लेथखाली बोट फिरवलं. पितळेचा कीस नाही, नुसती धूळ. त्यांनी वळून काहीतरी विचारलं.

“हे नेहमी असंच असतं का, म्हणतायत,” सून म्हणाली.

मालकांची छाती फुगली. “सांग त्यांना, इथे सगळं चालू असतं. शिपायापासून मालकापर्यंत आम्ही सगळेच चालू.”

टर्नरला खोकला आला. उरलेल्या बोटांनी त्याने तोंड झाकलं.

बाईंच्या भाषेत ‘चालू’ला दोन वेगळे शब्द होते. एक यंत्रांसाठी, दुसरा लबाड माणसांसाठी.

तिने मत दिलं नाही. अचूक भाषांतर केलं.