यालमारची नजर

लॅपटॉपवरचा माणूस बोलत होता, पण आवाज येत नव्हता. नूरबानूने वाकून एक बटण दाबून पाहिलं.

"त्यात आवाज नाहीच," ब्रिता म्हणाली. "मूकपट आहे. हे माझे आजोबा, यालमार."

ब्रिता बहात्तर वर्षांची. दर जानेवारीत स्वीडनची थंडी चुकवायला ती किहीमला नूरबानूच्या कॉटेजमध्ये येऊन राहायची. नूरबानूने नवऱ्याबरोबर मस्कतला बारा वर्षं काढलेली, त्यामुळे मोडक्यातोडक्या इंग्रजीत दोघींचं छान जमायचं. संध्याकाळी पडवीत चहा आणि गप्पा.

आज यालमारचा विषय निघाला होता. विशीतच तो पडद्यावर आला. दहा वर्षांत तीस-बत्तीस सिनेमे केले. त्याच्या फोटोची पोस्टकार्डं मुली उशीखाली ठेवायच्या. मग बोलपट आले. यालमारचा आवाज चिरका, त्यात तो अडखळत बोलायचा. कामं बंद झाली. उरलेली सगळी वर्षं तो प्रवासी बोटीवर तिकिटं फाडत होता. सिनेमेही गेले, कुठले जळाले, कुठले हरवले. ही चार मिनिटं तेवढी कुणाच्या तरी माळ्यावर सापडली होती.

"स्वभावाने कसा होता?"

"आई म्हणायची, दगड होता. बापाने माझ्याकडे कधी बघितलंच नाही, हे ती मरेपर्यंत घोकत होती."

पडद्यावर यालमार दारात उभा राहून नायिकेचा निरोप घेत होता. डोळ्यांत पाणी. आणि मध्येच, क्षणभर, तो चक्क हसला.

"हे हसू कुणालाच कळत नाही," ब्रिता म्हणाली. "जाणकार म्हणतात, त्याची चूक झाली."

कप उचलायला आलेली काशिफा थबकली. नूरबानूच्या या लेकीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तिने बोट फिरवून खूण केली, परत लाव. तीनदा पाहिलं. मग तिचे हात भराभर चालायला लागले.

"दमानं सांग गो, दमानं," नूरबानू म्हणाली आणि लेकीच्या हातांकडे बघत राहिली. मग ब्रिताकडे वळली. "ती म्हणते, हसताना तो बाईकडे बघतच नाही. कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला कुणीतरी उभं आहे, त्याच्याकडे बघतोय."

काशिफाने तळहात आडवा धरून कमरेपर्यंत खाली आणला. एवढंसं कुणीतरी.

"तिला कसं कळलं?"

"पंचवीस वर्षं ती माणसांचे डोळेच तर ऐकते."



"आई पाच वर्षांची असताना तो तिला एकदा शूटिंगला घेऊन गेला होता," ब्रिता म्हणाली. "'पाय दुखेपर्यंत मी उभी होते, आणि तो दिवसभर त्या बाईकडेच बघत होता,' असं आई सांगायची."

वाडीत नारळाची एक झावळी पडली, तिघींपैकी दोघींनी तिकडे पाहिलं.

मग ब्रिता खुर्चीवरून उठली. गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत, ती लॅपटॉपसमोर जमिनीवर बसली. नूरबानू उशी आणायला निघाली, तर ब्रिताने मानेनेच नको म्हटलं.

काशिफाने तिचे दोन्ही खांदे धरून तिला जरासं डावीकडे सरकवलं, आणि सिनेमा पुन्हा पहिल्यापासून लावला.