बुवांची दुसरी आवृत्ती

स्मृती मंडळाचे सचिव सबनीस पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाले, "वहिनी, पोहे फक्कड. आता जरा वाईट बोलायचंय."

"बोला की," बुवांची बायको कुमुदिनी म्हणाली.

"पहिले व्यंकटबुवा," सबनिसांनी रिवाजाप्रमाणे कानाची पाळी धरली, "पत्नी वारल्यावर मोठे झाले. सगळ्या अमर बंदिशी त्या विरहातल्या. म्हणून तर त्यांच्या टोपीत सापडलेल्या केसापासून आम्ही तुमचे हे प्रयोगशाळेत घडवले. तोच गळा, तोच मेंदू. आणि बांधतात काय? काल आम्हाला बटाटेवड्यावरची बंदिश ऐकवली."

"छान होती की."

"तीच तर अडचण आहे. ह्यांचं फार सुखात चाललंय."

"मग?"

"मग काय, तुम्हाला जावं लागेल. एक इंजेक्शन, त्रास काही नाही. ठराव एकमताने झालाय. शोकसभेला हॉलसुद्धा मिळालाय, एरवी मिळतो कुठे!"

कुमुदिनी खळखळून हसली. मग दारातल्या गाडीतून पांढऱ्या कोटातला माणूस सिरिंज घेऊन उतरला आणि तिचं हसू थांबलं. ती आतल्या खोलीत धावली.

"अहो, हे मला मारायला आलेत!"

बुवांनी डोळे मिटले. त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"पुन्हा म्हण," ते हळूच म्हणाले. "'मारायला'वर तुझा जो स्वर लागला ना, तोच धर. आणि घाई नको, विलंबित लयीत म्हण."